बसणारी झाडं आणि मास्तर

“इथं तसलं काही टिकत नाही. एकदा लावून पाहिलंय.”

आमच्या कॉलनीत बागेचा विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य बोलतंच. नव्याने बंगला घेतलेल्या माणसाला ते पहिल्याच भेटीत ऐकवलं जातं. ज्यांनी तेव्हा काहीच पाहिलं नव्हतं तेही छातीठोकपणे सांगतात. हे वाक्य मूळचं माझं आहे. ते खोटं आहे. आणि ज्या माणसाच्या नावावर ते लागलं त्याच्याविषयी मला आता लिहायचं आहे, कारण माझं वय झालं आहे आणि त्याचं माझ्याहून जास्त.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना एका टेकडीच्या उतारावर ही बंगल्यांची कॉलनी आहे. मालक मंडळी मुंबई-ठाण्याची, शनिवारी येणार आणि रविवारी संध्याकाळी जाणार. मी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इथे मॅनेजर म्हणून लागलो. मॅनेजर म्हणजे पाणी, वीज, पहारेकरी, माळी आणि सगळ्यांची बोलणी, एवढं सगळं. मी याच भागातला, भातशेती करणाऱ्या घरातला. त्यामुळे झाडापाल्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता.

ज्यांच्याविषयी सांगतोय ते एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि ते निवृत्त झाल्यावरही मास्तरच राहिले. खाकी शर्ट, खाकी पँट, दोन्हीला कडक इस्त्री. नोकरी सुटली तरी तो पोशाख सुटला नाही. कोणी टोकलं तर म्हणायचे, “दुसरे कपडे घातले की लोकं माझं ऐकत नाय.” आवाज असा की शेणव्याच्या फाट्यावर बोलले तर पुढच्या स्टॉपवरचा माणूस पिशवी उचलून तयार व्हायचा.

सगळी नोकरी त्यांनी याच भागातल्या रस्त्यांवर काढली, आणि त्यात त्यांना एक नाद लागला. इतर कंडक्टर मार्च-एप्रिलच्या दुपारी मान टाकून पेंगायचे. हे खिडकीतून रस्त्याच्या कडेला बघत बसायचे. डोंगर करपलेला, शेतं उघडी, झाडांना पान नाही, आणि तरी रस्त्याच्या कडेच्या मुरमाड पट्ट्यात, जिथे कोणी पाणी घालत नाही, वरून टायरांची धूळ आणि गुरांचे खूर, तिथे काहीतरी जमिनीला चिकटून जगलेलं दिसायचं. गाडी पंक्चर झाली किंवा घाटात तापली की मास्तर उतरणार, उकिडवे बसणार आणि कसलीशी फांदी खुडून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवणार.

“मास्तर, गाडीचं बघा, गवत काय खुडताव?” असं प्रवासी ओरडले की शांतपणे सांगायचे, “गवत नाय. प्रवासी हाय. विनातिकीट.”

त्यांचं सगळं शास्त्र एसटीतून आलेलं होतं. मोठी झाडं म्हणजे उभे प्रवासी आणि जमिनीवर पसरणारी झाडं म्हणजे बसलेले. “उभे प्रवासी सगळ्यांना दिसतात,” ते म्हणायचे, “पण गाडीचा तोल बसलेल्यांवर असतो.” मोकळी जमीन त्यांना बघवत नसे. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तोच दाखला ते द्यायचे. “सीट रिकामी ठेवलीस की कोणीतरी रुमाल टाकणारच. जमीन रिकामी ठेव, गाजरगवतानं रुमाल टाकलाच समज. मंग तू काढत बस जन्मभर. त्यापेक्षा आधीच चांगला माणूस बसव.”

झाडांना त्यांनी आपली नावं दिली होती. ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेला एक बुटकी वेल असते, पेरापेराला मूळ धरत जाते, पांढरट जांभळी बटणासारखी फुलं येतात. तिचं नाव ‘पुढं सरका’. विष्णुक्रांतेचं नाव ‘लेडीज सीट’, कारण दिसायला नाजूक, निळी फुलं, पण एकदा बसली की उठवायची कोणाची हिंमत नाही. ज्याला ऑफिस टाइम म्हणतात त्या चिनी गुलाबाची रंगीबेरंगी फुलं दहाच्या सुमारास उमलतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून ते ‘पासवाले’. आणि खालून जांभळ्या पानांचं ते रिओ, जे कुंडीच्या तुकड्यातही जगतं, त्याचं नाव ‘शेवटची सीट’. “शेवटच्या सीटवर जेवढे हिसके बसतात ना, तेवढे ते सोसतं. तोंडातून हुं नाय.”

जमीन बघायची त्यांची पद्धत पाहून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. कोणी बोलावलं की ते भर दुपारी जायचे, डोक्यावर ओला टॉवेल टाकायचे आणि थेट जमिनीवर बसायचे. थोड्या वेळाने उठून दुसरीकडे बसायचे. मग तिसरीकडे. मालकीण चहा घेऊन आली तरी हे कोपऱ्यात बसलेले. शेवटी उठून पँट झटकत सांगायचे, “जिथं बूड भाजलं तिथं लेडीज सीट. जिथं कोमट लागलं तिथं पुढं सरका. आणि जिथं गार लागलं तिथं तुमच्या टाकीचा पाइप फुटलाय, तो आधी बघा.” पाइप खरोखर फुटलेला असायचा.

ते सगळं बरोबरच करायचे असं मात्र नाही. पिवळ्या फुलांची एक वेल असते, नर्सरीवाले तिला वेडेलिया म्हणतात. मास्तरांनी ती हौसेनं भावाच्या शेताच्या बांधावर लावली. वेल बांध सोडून शेतात उतरली, दोन पावसाळ्यांत खाचराचा कोपरा गिळला. भाऊ त्यांच्याशी बोलायचा बंद झाला. दुसरा कोणी असता तर त्या बांधाकडे फिरकला नसता. मास्तर झाडं बघायला आलेल्या प्रत्येक माणसाला आधी तिथेच न्यायचे. “ही बघा माझी चूक. नीट बघून घ्या. ओल्या बांधाला ही लावायची नाय. मी लावली. भाऊ बोलत नाय माझ्याशी.” भाऊ तिथेच शेतात कुदळ घेऊन उभा असायचा, आणि तिकडून म्हणायचा, “बोलू काय? कपाळ माझं?” मास्तर पाहुण्याकडे वळून म्हणायचे, “बघा, आज बोलला.”

चूक अशी उन्हात मांडून दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे तेव्हा मला गमतीचं वाटायचं. नंतर वाटेना.

झाडांचे ते पैसे घ्यायचे नाहीत, पण अटी घालायचे. लावायची ती आषाढाच्या पावसातच. त्या पावसाने मुळं धरली की नंतर विसरून जायचं. विसरायचं हीच मुख्य अट. आमच्याच कॉलनीतल्या एका डॉक्टरांनी ती मोडली. अंगणात मास्तरांनी लावून दिलेली वेल छान पसरली होती, तर डॉक्टर जानेवारीत रोज पाइप धरून तिला अंघोळ घालायला लागले. मास्तरांना हे कळलं. एका रविवारी ते गोणपाट घेऊन आले आणि थेट वेल उपटायला बसले.

डॉक्टर धावत बाहेर आले. “अहो, काय करताय? किती छान वाढतेय!”

“वाढत नाय. माजतेय,” मास्तर म्हणाले. “तुमी तिला सवय लावताव. उद्या तुमी दुबईला लेकाकडं गेलात की ही मरंल, आणि लोकं म्हणतील मास्तराची वेल मेली.”

“मग मी काय करू?”

“काय नाय करायचं. तेच तुमाला जमत नाय.”

डॉक्टरांनी हात जोडले तेव्हा अर्धी वेल परत मिळाली. डॉक्टरीणबाई मला नंतर म्हणाल्या, “आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना कोणी काही न करण्याचा सल्ला दिला.”

आता मूळ गोष्ट सांगतो.

कॉलनीच्या मधोमध उताराची मोठी मोकळी जमीन आहे. तिथे हिरवळ करायची असं सदस्यांनी ठरवलं होतं. हिरवळ म्हणजे परदेशी गवताच्या चटया अंथरायच्या आणि त्यांना रोज पाणी पाजायचं. एका बोअरचं पाणी पुरणार नव्हतं, म्हणून दुसरी बोअर मारायचं चाललं होतं. टेकडीच्या खाली मजुरी करणाऱ्या लोकांची वाडी आहे. त्यांची एकच विहीर, ती पहिल्या बोअरनंतरच एप्रिलमध्ये तळाला जाऊ लागली होती. वाडीतली बुधी आमच्याकडे झाडलोटीला यायची. बंगल्यांपुढच्या छोट्या हिरवळीवर पाण्याचे तुषार फिरताना बघत एकदा म्हणाली, “भाऊ, तुमचं गवत रोज न्हातं. माझा नातू काल नाय न्हाला.” मी तिला कामाला लाग म्हणालो. दुसरं काय बोलणार?

मास्तरांचं गाव वाडीच्या पलीकडे. त्यांनी हे ऐकलं आणि सदस्यांच्या बैठकीत न बोलावता येऊन उभे राहिले. सगळा उतार मी झाकून देतो म्हणाले. एक पैसा नको, पाइप नको, बोअर नको. सदस्य हसले, पण दोघा-तिघांना, खर्च वाचेल म्हणून का होईना, पटलं. मीही मास्तरांची बाजू घेतली, हे मला सांगितलं पाहिजे. ठरलं असं: मास्तरांनी उताराच्या एका तुकड्यावर लावून दाखवायचं. मेअखेरच्या बैठकीपर्यंत तो तुकडा पाण्याशिवाय जगला, तर सगळा उतार त्यांचा आणि दुसरी बोअर रद्द. नाही जगला तर हिरवळ.

मास्तरांनी आषाढात वाडीतल्या बायकांना हाताशी घेऊन लावणी केली. भात लावतात तशीच, वाकून, ओळीने. दिवाळीला तुकडा इतका सुंदर दिसत होता की मुंबईची मंडळी त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. मध्ये निळी फुलं, कडेने जांभळी पानं, आणि खाली माती म्हणून दिसत नव्हती. मास्तर आठवड्याला यायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे आणि “डबल बेल” म्हणून निघून जायचे. डबल बेल म्हणजे गाडी सोडा, सगळं ठीक आहे.

होळीनंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊ, आता ध्यान देऊन आईक. एप्रिल-मेत हे झोपणार. वरनं तपकिरी दिसंल, मेल्यासारखं. घाबरायचं नाय. पाणी घालायचं नाय, उपटायचं नाय, हात लावायचा नाय. बैठकीच्या दिवशी मी येतो आणि खालचं जितं दाखवतो सगळ्यांना.”

मी मान हलवली. पुढे त्यांच्या मुलीच्या सासरी दुखणं निघालं आणि ते नाशिककडे गेले. बैठकीचा दिवस उजाडला तरी परतले नव्हते.

मे आला. रिओ तेवढं तग धरून होतं, बाकी तुकडा खरंच तपकिरी पडला. सुकलेल्या काड्यांची चटई अंथरावी तसा. त्यात भोवतालच्या सागाची पानं पडून अडकलेली. रोज सकाळी मी तिथून जायचो आणि कुठे हिरवं दिसतंय का ते वाकून बघायचो. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, “काय हो, तुमच्या मास्तरांचं जंगल वाळलं म्हणे?” ‘तुमच्या’ हा शब्द मला लागला. मी बाजू घेतली होती. उद्या सगळे हसतील ते मला.

आणि मग माझ्यातला शेतकरी जागा झाला. आमच्याकडे भाताचं रोप करायच्या जागी उन्हाळ्यात राब भाजतात. शेण पसरायचं, त्यावर पालापाचोळा, पेंढा, वरून बारीक माती, आणि सकाळी वारा पडलेला असताना पेटवून द्यायचं. ते सावकाश धुमसतं. भाजलेल्या त्या जागेत पहिल्या पावसानंतर रोप असं तरारून येतं की बघत राहावं. माझ्या वडिलांनी, आज्यांनी, सगळ्यांनी हेच केलं. वाळलेल्या जमिनीला हिरवं करायचं म्हणजे काय करायचं, हे माझ्या हाताला माहीत होतं. मला वाटलं, वरचं मेलेलं जळून जाईल, राखेचं खत मिळेल, बैठकीआधी वळवाची एखादी सर आली की खालून लुसलुशीत फूट येईल आणि मास्तर परत येऊन माझी पाठ थोपटतील.

मी मास्तरांच्या तुकड्याला राब दिला. गोठ्यावरून शेण आणवलं, पाला पसरला, वरून माती टाकली आणि स्वतःच्या हाताने पेटवला.

राब भाजतात तो मुळात कशासाठी? जमिनीत दडलेलं तण, त्याचं बी, त्याची मुळं मरावीत म्हणून. भात आपण नंतर वरून पेरतो. हे मला ठाऊक नव्हतं का? चौथीतल्या पोराला ठाऊक असतं. पण तुकडा धुमसत असताना संध्याकाळी खराट्याने कडेची राख लोटायला गेलो आणि खाली विटेसारखी लाल भाजलेली ढेकळं दिसली, तेव्हा कुठे ते माझ्या डोक्यात शिरलं. मास्तरांची सगळी कमाई जमिनीखाली होती. ती मी भाजून काढली होती.

वळवाची सर आली नाही. आली असती तरी उपयोग नव्हता. मी जमली तेवढी राख गोळा केली, वरून मातीचा पातळ थर पसरवला, सारखा केला.

बैठकीच्या दिवशी सदस्य त्या जागेपाशी जमले. समोर उघडी जमीन. सेक्रेटरींनी विचारलं, “काय झालं?”

मी म्हणालो, “नाही टिकलं.”

एवढंच. तुम्ही म्हणाल, राब दिला हे सांगायला काय हरकत होती? तेव्हा माझ्या पत्नीची औषधं चालू होती, राहायची खोली कॉलनीची होती, आणि सदस्यांची मालमत्ता न विचारता पेटवणारा मॅनेजर कोणी ठेवला नसता. ही कारणं खरी आहेत. पण ती मी नंतर जमवली. त्या क्षणी मला फक्त हसं व्हायचं नव्हतं.

तेवढ्यात मास्तर आले. नाशिकहून थेट, हातात पिशवी, खाकी कपडे प्रवासात चुरगळलेले, जे मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. पुढे गेले आणि त्यांच्या सवयीने खाली बसले. बोटाने वरची माती उकरली. थोडं आत गेले. एक ढेकूळ उचलून वासाला लावलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

सेक्रेटरी म्हणाले, “मास्तर, मॅनेजर म्हणतात टिकलं नाही. तुमचं काय म्हणणं?”

मास्तर ढेकूळ जागेवर ठेवून उठले. “मॅनेजर रोज हितं असतो,” ते म्हणाले. “मी नव्हतो. तो म्हणतो ते खरं.”

आणि पिशवी उचलून निघाले. त्यांच्या पँटची मागची बाजू काळी झाली होती. राखेने काळी, थेट माझ्या राखेने. सगळे सदस्य त्यांच्या पाठीकडे बघत होते, एकजण हसलाही. पण ती राख आहे हे त्या सगळ्यांत एका माणसाला कळत होतं आणि तो माणूस गप्प होता. फाटकापर्यंतचा रस्ता लांब आहे. मी शेवटपर्यंत बघत राहिलो.

दुसरी बोअर लागली. हिरवळ अंथरली गेली. वाडीची विहीर पुढच्या वर्षी होळीलाच आटली, आणि बुधी कामावर यायची बंद झाली, कारण तिची सकाळ नदीवर पाणी भरण्यात जाऊ लागली. बाकीच्या फार्महाऊसवाल्यांत बातमी पसरली की मास्तरांचं काही टिकत नाही. त्यांना कोणी बोलवेना. मी सापगावच्या बाजूला त्यांना लांबून पाहिलं की रस्ता बदलायचो. ते मात्र रस्त्याच्या कडेला, स्टॉपच्या मागे, शाळेच्या बांधाला, कोणी न सांगता लावत राहिले. बऱ्याच ठिकाणी शेळ्यांनी खाल्लं. बऱ्याच ठिकाणी अजून आहे. इतकी वर्षं एसटीने जाताना मी ते पट्टे पाहत आलो आहे, मे महिन्यात तपकिरी आणि जूनअखेर हिरवे. दरवर्षी मला कोणीतरी खोटारडा म्हणतंय असं वाटायचं.

आता दुसऱ्या बोअरलाही फारसं पाणी उरलेलं नाही. मागच्या वर्षी कॉलनीत नवीन सेक्रेटरी आली, ठाण्याची, माझ्या सुनेच्या वयाची. कमी पाण्याची, कमी देखभालीची बाग करायची म्हणून ती मागे लागली, तर जुन्या सदस्यांनी तिला ते वाक्य ऐकवलं. मी जुना मॅनेजर, म्हणून तिने मला फोन केला. “काका, तुम्ही तेव्हा होता ना? खरंच टिकलं नव्हतं का?”

मी म्हणालो, “उद्या सांगतो.” आणि मास्तरांकडे गेलो.

ते ओटीवर बसले होते. कान गेलेले, गुडघे गेलेले, शर्ट खाकीच. मी समोर बसलो आणि मोठ्याने सांगायला सुरुवात केली, कारण हळू बोलून भागणार नव्हतं. कबुलीजबाब ओरडून द्यावा लागतो तेव्हा शेजारपाजारचेही ऐकतात. ऐकू दे म्हटलं. “मास्तर, तुमचा तुकडा मी जाळला. राब दिला.”

“ते माहीत हाय,” ते म्हणाले. “पाला चांगला वापरलावता. ढेकूळ नीट भाजलं होतं.”

“मग बोलला का नाही तेव्हा?”

“बोललो असतो तर तुला उतरवला असता गाडीतनं. बायको आजारी होती तुझी.” मग म्हणाले, “मला वाटलं, आज-उद्या येशील. तू गाडी लईच लेट केलीस भाऊ.”

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात झटकला. “माझ्याशी काय बोलतोस? मला काय नवीन सांगितलंस? त्यांना सांग, ज्यांना माहीत नाय. आणि वाडीत जाऊन सांग.”

बैठकीत मी उभा राहून सांगितलं. जुन्या सदस्यांतले एकजण म्हणाले, “जाऊ द्या, जुनं झालं.” दोघा-तिघांनी माना हलवल्या. वाडीत गेलो तेव्हा बुधी आणि आणखी चार बाया विहिरीच्या कठड्याशी बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. जुनं झालं असं तिथे कोणी म्हणालं नाही. बुधी विहिरीत बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे ते जितं होतं.” मी हो म्हणालो. “आमीच लावलेलं ते, वाकून,” ती म्हणाली, आणि हंडा उचलून गेली.

तरीही आषाढात लावणीला ती आली. मास्तरांनी अट घातली होती की आधी हिरवळीचा नळ कायमचा बंद, मगच मी येणार. त्यांना खुर्चीत बसवून आणलं. तिथून ते ओरडून ओळी दाखवत होते. सगळा उतार लागला. मी खुरपं घेऊन गेलो तर सगळ्यांसमोर म्हणाले, “ये, पण खिशातली काडेपेटी घरी ठेवून ये.” बाया हसल्या. बुधी हसली नाही, पण सरकून मला ओळीत जागा दिली.

हे लिहितोय तो मे महिना आहे. उतार तपकिरी पडला आहे, टोकापासून टोकापर्यंत. या रविवारी बरेच सदस्य आले आणि कडेला उभे राहून कुजबुजत होते. सेक्रेटरीच्या हातात पाइप होता. तिने तो बहुतेक कारसाठी काढला असेल, पण नजर उतारावर होती. “काका, मेलं का हो हे? थोडं मारू का पाणी?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खात्रीने काय सांगणार? मला काही झालं तरी ते मेलेलंच दिसत होतं. मी मास्तरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

“मास्तर, कॉलनीतनं बोलतोय. इथं विचारतायत, मेलं का?”

“कोण? कोण मेलं?”

“उतारावरचं, मास्तर. सगळं वाळलंय.”

पलीकडे खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.

“मी अजून जिता हाय,” मास्तर म्हणाले. “ते पण हाय. कोणी हात लावू नका.”

सेक्रेटरीने पाइप गुंडाळला आणि नळाजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवला.